नळ येऊन गेला

अकरा वर्षं झाली, सेलूत स्टेशन रोडला
दुसऱ्याच्या मेडिकलवर कामाला आहे मी.
ही पट्टी डोळे झाकून काढून देतो:
डाव्या भिंतीला तिसरा खण, खालून दुसरी.
घेणारा दर वेळी म्हणतो, पाहुण्यासाठी पाहिजे.
माझी मात्र मी परभणीहून आणली,
पॅसेंजरनं जाऊन, तोंडाला रुमाल बांधून.

डॉक्टर म्हणाले, पहिला आठवडा अर्धी.
आधी थोडं वाढेल, मग उतरेल.
हेच मी सांगत आलो काउंटरवरून
सुट्टे मोजता मोजता.

ब्लेडनं कापली तर एक अर्ध मोठं झालं.
आधी कोणतं घ्यावं, यावरच
पाऊण तास छाती धडधडली.

चौथ्या दिवशी भाकर खडूसारखी लागली.
जांभया यायच्या, झोप नाही;
बस थांब्यावर थांबावी
आणि कुणीच उतरू नये, तसं.
पाकिटावर १-०-१ लिहिताना
मधलं शून्य बंद होईना.

द्वारका म्हणायची, कामून घाबरायलात? काय झालंय?
काही झालेलं नाही,
हेच तर सांगता येत नव्हतं.

आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो,
रात्री दोनला, अडीचला, कधी पहाटे.
मी जागाच. त्यामुळं तीन वर्षं
गल्लीचा भोंगा मीच होतो.
पाइपात आधी हवा खोकायची,
मी कड्या वाजवत जायचो:
लोमटे, इनामदार, कोपऱ्यावरचे पठाण.
तुमच्यामुळं पाणी मिळतं बघा, म्हणायचे लोक.
तुम्ही जागे कसे, कुणी विचारलं नाही.
मीही बोललो नाही. आजाराला एवढा मान
कुठं मिळतो.

विसाव्या की एकविसाव्या रात्री
नळ आला आणि गेला.
मला कळलं ते सकाळी सातला,
ऊन तोंडावर,
गालावर उशीची शिवण उमटलेली.
बाहेर ओट्यांवर ड्रम, घागरी, बादल्या,
सगळ्या कोरड्या.
लोमटे हातात ब्रश घेऊन उभे:
काय हो, आज तुमालाच झोप लागली का?

द्वारका जागी झाली होती. हे तिनं नंतर सांगितलं.
पाइप खोकला तेव्हा उठून बसली,
माझ्याकडं बघितलं.
तोंड उघडं होतं म्हणे माझं, लेकरासारखं.
कडी न वाजवता
ती परत आडवी झाली.

त्या दिवशी जार विकत आणले.
आंघोळ कुणीच केली नाही.

अजून संध्याकाळी सहाला पोटात काहीतरी वळवळतं.
जीभ कोरडी पडते. स्वप्नं फार,
आणि त्यात ओळखीचं कुणी नसतं.

परवा ताहेरा बाजी आल्या,
दर महिन्यासारखं म्हणाल्या, भावजींसाठी.
मी पट्टी कागदात गुंडाळली
आणि सुट्टे मोजायच्या आधी विचारलं,
झोप लागते का... त्यांना?

बराच वेळ त्या काचेकडं बघत राहिल्या.
मग म्हणाल्या,
पहाटे लागते. थोडी.