तीन दशांश स्थळं

रुवीतला चौथा मजला, संध्याकाळचे पावणेसात.
मी एका देशाचा खर्च कमी करतोय.

देश माझा नाही.
खर्चही नाही.
माझी आहेत ती तक्त्यावरची बोटं,
आणि दशांश चिन्हापुढे तीन घरं सांभाळायची सवय,
कारण इथे रियालाचे बैसे हजार होतात,
आपल्याकडच्या दोन घरांत भागत नाही.

ओळ अठ्ठ्याण्णव: किनाऱ्यालगतचे दिवे, एक सोडून एक.
ओळ एकशे चार: पाण्याची सवलत, तिसऱ्या टप्प्यापासून बंद.
ओळ एकशे बारा: चौकातली पेटुनिया,
वर्षातून तीनदा लावतात ती दोनदा.
म्हणजे तिला पाणी घालणारा माणूस
शून्य पूर्णांक सहा सहा सात.

मोतालेबमियाँ, तुम्हाला कल्पना नाही,
पण मी आत्ताच एक सूत्र कोपऱ्यात पकडून
खाली ओढत नेलं
आणि तुमचा तिसरा हिस्सा शिलकेत पडला.

ओळ सात मात्र कुलूपबंद.
ओळ सात: सल्लागारांचं शुल्क.
म्हणजे आम्ही.

समोर झुवैना बसलीय, मंत्रालयाकडून आलेली,
खजुरांचा डबा, कहव्याचा थर्मास
आणि उत्पन्नावरच्या कराचा मसुदा, तिसरा.
मी पुटपुटत आकडे जुळवतो,
जमा, खर्च, वसूल, बाकी,
ती मान वर करते: "अरबी कधी शिकलास?"
ही मराठी, मी म्हणतो.
माझे वडील बार्शीच्या जकात नाक्यावर कारकून होते.

ती एवढी हसते की कहवा मसुद्यावर सांडतो.
"रस्त्यात बांबू आडवा टाकून जकात?
अरे, ती माणूस आपणहून देतो,
गरिबाला, वर्ष भरलं की!"

काय सांगू हिला.
आपणहून कुणी दिली नाही अण्णांना.
सरकीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून
आतला माल चाचपायचे ते,
मग थुंकी लावून पावती फाडायचे.
एके दिवशी जकातच गेली.
बांबू वर गेला तो वरच राहिला,
आणि अण्णा पुढची कित्येक वर्षं
रस्त्यावरून ट्रक गेला की दचकायचे:
फुकट गेला.

इथे निघालो तेव्हा म्हणाले होते,
कर नाही म्हणतोस तिथे?
मग गटार तुंबलं तर कुठल्या तोंडानं विचारशील?
आणि वर, स्वतःच्याच कोटीवर खूश होत,
करमुक्त आहे खरं, पण करमेल का?

बावीस वर्षं झाली. मी गटाराबद्दल विचारलेलं नाही.
तिथेही नाही, इथेही नाही.
दोन्हीकडे पैसे न देणारा पाहुणा,
ताटात पडेल ते छान म्हणणारा.

झुवैना टिशूनं मसुदा टिपते.
तिचा नवरा दोन वर्षं घरी आहे,
सुहारच्या बंदरातली नोकरी गेल्यापासून.
"माझ्या पगारातून कापा," ती म्हणते, "चालेल.
पण एकदा कापलं की मी विचारणार.
मला दिवे दाखवलेस, फुलं दाखवलीस.
सहानंतर एकदम आठ कसं येतं?"

पासवर्ड मला ठाऊक आहे.
मी तो सांगितला नाही.
कुलूप काढलं, आणि कप विसळायला गेलो,
दोनच कप होते,
बराच वेळ विसळले.

सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात साबण घेतला.
तीनशे बैसे, वर पंधरा कराचे.
दुकानदार पंधरा सोडायला तयार होता, ओळखीपोटी.
म्हटलं, नको, घे. आणि पावती दे.
"साबणाची?"
साबणाचीच.

चौकात मोतालेबनं पाइप बाजूला वळवला,
माझे बूट भिजू नयेत म्हणून.
अजून पुरता एक आहे तो.
मसुदा मंजूर व्हायचाय.