नऊ नंबर

चिंचोळी एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यामागं,
आमची कंपनी हृदयं बनवते.
रिक्षावाल्याला एकदा सांगितलं, तर म्हणाला,
"म्हंजे ते लाल उशीवालं, प्रेमाचं?"
मी म्हटलं, हो. तिथंच सोड.

माझं काम टिकाव-खोलीत.
काचेच्या बारा टाक्या, सदतीस अंशाचं खारं पाणी,
आणि एकेकीत एकेक हृदय,
अजून कुणाचंच नसलेलं,
मिनिटाला बहात्तर वेळा भरतं, रितं होतं.
मी दर तासाला आकडा उतरवते.
शहराला पाणी पाचव्या दिवशी,
यांना खंड नाही.
लाइट गेली तर जनरेटर
पापणी लवायच्या आत उठतो.

नायनांना वाटायचं मी दवाखान्यात आहे.
म्हणून एकदा नापास लॉटमधलं कापड नेलं,
नखाएवढं.
हृदय जिथं रक्तवाहिनीला शिवतात, तिथलं.
ते खिडकीपाशी घेऊन गेले,
चष्मा कपाळावर सारला,
अंगठ्यानं उभं-आडवं चाचपलं.
अडतीस वर्षं मागावर घासलेला अंगठा.
"बाणा ओढलाय कुणीतरी.
इकडं घट्ट, इकडं धागा झोपलाय."
मशीन विणतं, नायना. मोजतंही तेच.
"मग त्यालाच विचार."
मग वास घेतला. "खळ नाही?"
रक्त लागायचंय ना त्याला.
यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

अम्मा सुपात विडीची पानं कातरत होती.
"एकाचा भाव काय?"
सांगितला.
हजार विड्यांच्या मजुरीनं ती भागायला लागली,
बोटांची पेरं संपली,
मध्येच सोडून दिलं आणि कात्री उचलली.

लहानपणी आम्ही मागांच्या आवाजात झोपायचो.
भिंतीपलीकडं चोवीस माग.
ताटाळ्यातली ताटं थरथरायची,
मार्कंडेयाची तसबीर थरथरायची,
आम्ही गाढ.
जाग यायची ती माग थांबले की.
अख्खी गल्ली अंथरुणात उठून बसायची:
लाइट गेली? संप झाला?
की कुणाचा हात सापडला?

गड्ड्याच्या दिवसांतली गोष्ट.
सगळे सुट्टीवर, रात्रपाळीला मी एकटी.
तीन वाजून अकरा मिनिटांनी जाग आली.
(खुर्चीत डोळा लागला होता, हे रजिस्टरात नाही.)
अकरा चालू होती.
नऊ नंबरचं पाणी स्थिर.
आकडा अकरा कोटी एकेचाळीस लाख आणि वर काही,
म्हणजे तीन वर्षं आणि थोडे दिवस.
एवढ्यात कुणी
पोरीची बारावी बघितली असती,
कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन
मीठ कमी म्हणून बायकोवर ओरडलं असतं,
जिना चढताना मध्ये थांबायचं विसरलं असतं,
आणि आज, तीन अकराला…
पुढं मी मोजलं नाही.
मेलं कुणीच नव्हतं.
कुणाला कळवायचं, असा रकानाही नव्हता.
तरी मी टाकीच्या काचेवर हात ठेवून उभी राहिले.
काच कोमट होती.

सकाळी भंडारकवठेकर सर आले, खूश.
"बंद पडावं म्हणूनच तर ठेवतो इथं.
इथं पडलेलं बरं."
कापलं. भिंगाखाली धरलं.
शिवणीच्या कडेला एक धागा निसटलेला,
एकाच बाजूनं.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: बाणा.
त्यांनी ते खोडून इंग्रजीत दीड ओळ लिहिली.
"तुला लगेच कसं कळलं? अलार्म तर
चार मिनिटांनी वाजलाय."
मी म्हटलं, आवाज बंद झाला ना सर.

घरी आले तर नायना जागेच.
माग भंगारात घातल्यापासून
शांततेत त्यांना झोप येत नाही.
मी चप्पल काढता काढता सांगितलं,
नायना, तुमचा तो धागा. तुटला.
त्यांनी हात पुढं केला.
नाही, आणला नाही, डब्यात सील होऊन पुण्याला गेला.
हात तसाच राहिला थोडा वेळ, अंगठा बोटांवर फिरत.
"गाठ कुणी मारली होती?"

आज नळाचा दिवस होता.
मी घागरी मांडायला उठले.