मूठ तुमच्याकडे

कोठुळ्यांच्या गोदामातून
माझ्याच सुऱ्या मी परत आणल्या.
एकशे बारा नग, गोणपाटात.
हिशेब मिटला म्हणून चहा झाला,
बिनसाखरेचा;
साखर आता त्यांच्या रक्तात गेली आहे.

बावीस वर्षं माझ्या पात्यांवर त्यांचं नाव.
पस्तीस टक्के त्यांचे,
मालेगावच्या पोटडीलरचे वेगळे बारा,
आणि पैसे नव्वद दिवसांनी, तेही आठवण केली तर.
आडगाव नाक्यावर भंगारातल्या ट्रकचा कमानपाटा
मी किलोवर घ्यायचा, रोख.
कोळसा रोख.
घण मारणाऱ्या सोपानची शनिवारची मजुरी रोख.
भट्टीत काय तो मीच एकटा उधार.

खोटं कशाला बोलू,
शेडला आग लागली त्या वर्षी
कोठुळेच आले होते स्कूटरवरून,
खिशात पाकीट, तोंडात शब्द नाही.
म्हणून फोनवर नाही सांगितलं. जाऊन सांगितलं.
ते पानाचा देठ खुडत म्हणाले,
"गिऱ्हाईक म्हणजे लोखंड नव्हे, पोपळघट.
लोखंड तापलं की लाल तरी होतं."

नवा ठसा मीच कोरला.
ठशात अक्षरं उलटी काढावी लागतात.
स्वतःचं आडनाव असं उलट्या बाजूने
मी कधी वाचलं नव्हतं.
'पो'ची मात्रा चुकली, दोन दिवस गेले.
थोरली म्हणाली, पप्पा, खाली फोन नंबर घाला.
दहा आकडे? बोटभर पात्यावर?
शेवटी मुठीवर घातले,
सागाच्या लाकडात, तापल्या खिळ्याने.

बुधवारी गोदाघाटावर ताडपत्री अंथरली,
एका बाजूला लसूण, दुसऱ्या बाजूला सुंभाचे दोर.
ओरडता येईना.
सुरी हे काय ओरडून विकायचं असतं?
तीन गेल्या.
चौथी चोरीला गेली,
चोराला मात्र पारख होती,
सगळ्यांत चांगली उचलली.

मग एका रात्री दहाला फोन.
पिंपळगावच्या कौतिकाबाई, मेस चालवतात,
साठ डबे.
"तुमची सुरी वाकडी जाते, दादा.
भोपळा धरला की आपल्याच मनाने वळते."
पाणी नीट पाजलं नसेल का,
पातं वाकलं असेल का, रात्रभर तेच.
सकाळी त्या एसटीने आल्या,
पिशवीत सुरी, काखेत भोपळा, पुराव्यासाठी.
म्हटलं, चिरून दाखवा.
त्यांनी सुरी उचलली
डाव्या हातात.

मी धार एकाच अंगाला लावतो,
बापाने दाखवली तशी.
उजव्या हाताची.
बावीस वर्षांत किती डावे हात
माझ्या पात्याशी झगडले असतील,
आणि ते सगळं झगडणं
कोठुळ्यांच्या वहीत
'परत माल, दोन नग'
एवढंच होऊन पडलं असेल.

सहाण फिरवली, पातं दुसऱ्या अंगाने टेकवलं.
माझाच हात मला परका वाटला,
ठिणग्या नको त्या बाजूला उडाल्या,
सोपान दोनदा हसला.

सुरी हातात देऊ नये, भांडण होतं,
आई म्हणायची.
म्हणून ऐरणीवर ठेवली,
मूठ त्यांच्याकडे करून.
आमच्यामध्ये आता तेवढंच, वीतभर लोखंड.
त्यांनी उचलली. भोपळ्यावर टेकवली.
फोड सरळ पडली.
त्या काही बोलल्या नाहीत,
फोड पुन्हा भोपळ्याला लावून पाहिली,
फट दिसते का.

अर्धा भोपळा ठेवून गेल्या.
मी घासणावळ मागायची विसरलो.
सुलभा म्हणाली, असा धंदा होत नसतो,
आणि नवी वही उघडून
पहिल्या पानावर तिनेच लिहिलं:
कौतिकाबाई, पिंपळगाव. डावरी.