तुतीची साल

रविवार पेठेत, गुळाच्या अडतीला लागून आमचं दुकान.
काष्ठौषधींचे एकशे बारा खण. चिठ्ठ्या
आजोबांच्या मोडीत, वडलांच्या कानडीत,
शेवटच्या दोन रांगा माझ्या बाळबोधीत.
त्यामुळे मथुरेनं डबी पुढे केली तेव्हा
चिनी अक्षरांचं मला भय वाटलं नाही.
असेल कुठल्यातरी खणात, म्हटलं.

"साडेचारशाला पडत्या ओ एक," ती म्हणाली,
"ह्यात काय काय हाय बघा, आणि सुटं द्या."
संकेश्वरहून आलेली, सकाळच्या बसनं,
पिशवीत अंडीपुंजांचा रिकामा खोका.

फोटो भरतेशला पाठवला. माझा भाचा.
सहा वर्षं तिकडे डॉक्टरी शिकला,
आता वडगावात पेशंट तपासतो.
फोन स्पीकरवर टाकला.

"पांढरी बुरशी. पाइनच्या मुळावर वाढते."
नाही आमच्याकडे.
"मोत्याची भुकटी."
आहे. मोत्याचीच का, ते मी सांगत नाही.
"ज्येष्ठमध."
खण एकेचाळीस. खोकल्याला जातो, भजनी मंडळात जातो,
गोरं व्हायला आजवर कुणी मागितला नव्हता.
"आणि तुतीच्या मुळाची साल."

मथुरा हसली ती थांबेना.
"तुतीची? दोन एकर हाय की दारात!
पाला तोडून तोडून तर ही दशा."
हात पुढे केला. बांगड्या सरकल्या.
खाली मनगटावर फिकट पट्टा,
जुनं कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर दिसतो तसा.

मग, मलाच समजावत असल्यासारखी:
"आधी पिवळे कोष यायचे आमचे. रामनगरात
दलाल हातात घेऊन बाजूला टाकायचा.
आता पांढऱ्या जातीची अंडी आणतो. भाव चढला.
पाला तोच ओ.
किडा बदलला."

मी तागडी धरून उभा.

"मामा," स्पीकरमधून भरतेश, "तळाची एक ओळ खरवडलीय.
काय होतं, वाचता येत नाही. पारा असू शकतो.
लावू नका म्हणावं."
पाऱ्याचा खण मला ठाऊक आहे. सर्वांत खाली,
वडलांनी चिठ्ठी फाडून खिळे ठोकलेला.
का, ते त्यांनी सांगितलं नाही,
मीही कधी विचारलं नाही.

मथुरेनं डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"पोरीला सोमवारी बघायला येणारेत."
एवढंच.

पन्नास ग्रॅम ज्येष्ठमध बांधून दिला.
पैसे घेतले नाहीत असं सांगायला आवडलं असतं;
वीस घेतले.
तिनं पुडीतली एक काडी काढून दाढेखाली धरली.
"गोड हाय," म्हणाली, आणि गेली.

डबी गल्ल्यापाशी विसरली असं दिवसभर वाटत होतं.
कुलूप लावताना बघितलं, तर नाही.
काउंटरवरच्या सुंठीच्या धुळीत
तेवढा एक गोल उरलेला,
स्वच्छ, बाकीच्यापेक्षा उजळ.