मुद्देमाल

नऊ वर्षांनी कोर्टानं गासडी सोडली.
ठाण्यातला शिपाई रिक्षातून घेऊन आला,
नीलमनगरात, भर उन्हात.
सुतळी, लाखेचं सील, नंबर.
"इथं सही."
आईनं तेलुगूत केली.
त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला, म्हणाला, चालतंय.

यादीत होतं:
सोलापुरी चादरी, नग बारा, पैकी सात छिद्रांकित.
मालक, मयत श्रीहरी नरसय्या बोधुल.
(बोधूल. उकार दीर्घ.
त्या दूरच्या स्टेशनच्या स्मरणपाटीवरही ऱ्हस्वच आहे.
मी दोन अर्ज केले.
एक उकार लांब करायला देशाला वेळ लागतो.)

भाऊ ऑर्डरचा माल घेऊन उतरला होता.
रात्र, फलाट, पायाशी गासडी.
एक गोळी गासडीत शिरली
आणि सातव्या चादरीच्या घडीत थांबली.
दुसरी थांबली नाही.

नानांनी वरची चादर उलगडली.
घडीतून गेलेलं एक भोक
उलगडताना दोन झालं, चार झालं, आठ झालं,
समोरासमोर, मोरांच्या मधोमध,
नेमक्या मापावर.
चाळीस वर्षं नानांनी जेकार्डचे पत्ते पाडले,
पुठ्ठ्यावर भोकं मारमारून मोर काढले.
भोकं त्यांना वाचता यायची.
ही येईनात.
चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.
मग म्हणाले, ऑर्डर किती नगांची होती?

बारा.
पाच धड होत्या.
सात नव्या विणल्या, त्याच नक्षीच्या, तोच लाल,
रंगारी म्हणत होता हा लाल आता कुणी मागत नाही.

दरम्यान ती तारीख आली.
दरवर्षीसारखा चॅनेलचा पोरगा आला.
"आजी, अजून भीती वाटते?"
कॅमेरा डोळ्यांच्या जवळ. फारच जवळ.
आई विड्या वळत होती,
भिजवलेली पानं थांबत नाहीत, वाळतात.
पंचविसाचा कट्टा बांधून झाल्यावर बोलली:
"शेडमध्ये चल बे.
मागावर दोन हजार धागे असतात,
माणूस दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवून उभा.
घाबरून उभा असतो होय?
तुटला की माग थांबवायचा. सांधायचा. चालू करायचा.
गाठ राहतेच की. मागल्या अंगाला."
पोरगा म्हणाला, जरा रडल्यासारखं...
आई म्हणाली, चहा घेणार का?

नाना रात्रीच्या गाडीनं गेले. मीही गेलो,
ते नको म्हणत असताना.
दारात बॅग तपासली, यंत्रातून गासडी सरकली,
नाना तपासणाऱ्या पोरीला म्हणाले, नीट बघ, घाई नाही.
दुकानावर म्हाताऱ्या शेठचा मुलगा.
त्याला काही माहीत नव्हतं.
नानांनी पिवळी पडलेली पावती काढली.
त्यानं पावती वाचली, तारीख वाचली,
आणि उठून उभा राहिला.
"मोजून घ्या," नाना म्हणाले.
त्यानं मोजल्या. हळू. बारा.

परतीला अजून तीन तास होते.
त्याच फलाटावर, पाटीच्या खाली,
आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली.
माणसं आमच्या पायांना अडखळून जात होती.
नानांनी पाटीवरची सगळी नावं वाचली,
ओळीनं, ओठ हलवत,
आपल्या नावाशी जेवढे थांबले
तेवढेच खालच्या अनोळखी बाईच्या नावाशी.
मग म्हणाले, तिसरा अर्ज कर.

भोकांच्या सात चादरी घरातच आहेत.
नानांनी रफू करायला घेतल्या,
दोन झाल्या, मग डोळ्यांनी साथ सोडली.
एक सहस्रा पांघरते.
बाप गेल्यावर तीन महिन्यांनी जन्मलेली,
आता चौथीत.
थंडीत ती भोकातून पायाचा अंगठा बाहेर काढते,
हलवते, आजीला दाखवते.
आई ओरडते, "भोक मोठं करू नको बे!"
आणि तो अंगठा धरून
आत ढकलते.