हवेचा धोटा

मार्च संपत आलाय, अशोक चौकात डांबर मऊ पडलंय,
आणि आमच्या दारात पोरं उकिडवी बसलीत:
इराबत्तींचा श्रीपाद, मौलाली, समोरच्या घरातल्या जुळ्या.
मधे माझा नान्ना.
चाळीस वर्षं माग जुळवलेले हात
गुडघ्यावर पुठ्ठा धरून पेन्सिलीने रेघ मारताहेत.

पुठ्ठा म्हणजे जेकॉर्डची पानं.
कारखाना मोडला तेव्हा माग टनाच्या भावाने गेले,
पानं भंगारवाल्याने फुकटही नेली नाहीत.
चादरीवरचा मोर अख्खा त्या भोकांत होता,
तीनशे बहात्तर पानांचा, दोऱ्यात ओवलेला.
नान्नाने शेपटीकडून कापायला घेतलं.

पहिलं विमान दोन हात गेलं आणि बसलं.
"भोकातून हवा गळाल्ली की ओ," मौलाली म्हणाला.
नान्ना बराच वेळ काही बोलला नाही.
मग पंखांवर वहीचा कागद चिकटवला,
श्रीपादचे भागाकार, लाल फुल्यांसकट.
दुसऱ्याने नाक वर केलं, हवेत थबकलं,
पाठीवर आपटलं.
तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं.

अम्मा आतून बघत होती, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं.
दिवसाला हजार बिड्यांची तिची नखं.
उठली, विमान हातात घेतलं,
बिडीचं तोंड मोडतात तसं नाक आत मोडलं,
लाल दोऱ्याचे तीन वेढे दिले
आणि परत सुपाशी जाऊन बसली.
"आता सोडा," म्हणाली, वर न बघता.

सोडायचं यंत्र मात्र नान्नाचं एकट्याचं.
अर्ध्या इंची पाइप, एक एल्बो,
सायकलच्या ट्यूबचा हातभर तुकडा,
आणि दुसऱ्या टोकाला थंड पेयाची दोन लिटरची बाटली.
विमानाच्या पोटाला कागदाची पुंगळी,
ती पाइपावर चढवायची, सैल नाही, घट्ट नाही.
"बोट फिरवून बघ," तो श्रीपादला सांगतो,
"अडली तर फाटेल, डुगडुगली तर हवा वाया."
बाकी काय, बाटलीवर उडी मारायची.

एकदा तो एमआयडीसीत नवे माग बघून आला होता.
रात्री जेवला नाही.
"धोटाच नाही त्याला," म्हणाला,
"हवेची फुंकर मारतात, सूत पलीकडे.
मिनिटाला सातशे वेळा."
अम्माने ताट झाकून ठेवलं.
आम्हा कुणाला काय बोलावं सुचलं नाही.

दुपारी दोनला वीज गेली.
गल्लीभरचा खडखडाट मधेच तुटला,
कानांना काही धरायला राहिलं नाही.
खांद्यावर टॉवेल टाकून कामगार बाहेर आले, बिडी पेटवायला,
आणि धाकट्या जुळीने, असेल अठरा किलोची, दोन्ही पायांनी
उडी घेतली.

फट्ट.

तारांवरून, पाण्याच्या टाक्यांवरून,
कुणाच्या तरी वाळत घातलेल्या सोलापुरी चादरींवरून
ते वर गेलं, आणि वर जाणं संपलं तिथे
पडलं नाही. वळलं. अगदी सावकाश.
ऊन पंखांच्या पाठीमागे आलं
आणि वहीच्या कागदातून भोकं उजळली, ओळीने,
चुकलेल्या भागाकारांत मोराची शेपूट.
"ए आईशप्पथ," टॉवेलवाल्यांतला एक म्हणाला.
बिडीचं राहूनच गेलं.

ते उतरलं जुन्या कारखान्याच्या पत्र्यावर.
आता तिथे टाइल्सचं गोडाऊन आहे, वॉचमन चढू देत नाही.
मौलाली भिंत मोजायला लागला.
"राहू दे रे," नान्ना म्हणाला, "त्याला तिथलं सगळं माहितीय."

वीज आली. माग सुरू झाले.
चपटलेल्या बाटलीत फुंकायला पोरांचं भांडण,
थुंकी कुणाची, पाळी कुणाची.
नान्नाने पाइप ओढून घेतला, धोतराने पुसला, तोंडाला लावला.
छातीत चाळीस वर्षांचा कापूस,
मधेच खोकतो, थांबतो, पुन्हा लावतो.
"द्या की ओ इकडं," श्रीपाद म्हणतो.
तो हातानेच नाही म्हणतो.
बाटलीची एक एक चुणी आवाज करत उघडते.