करंगळी

वीतभरही नाही चित्र.
डिचोलीच्या बाजारात, मिंगेलच्या दुकानात
द्रौपदी गावस ते गोणपाटात गुंडाळून घेऊन आली.
"काच फुटली, बाय. तेवढी घाल."

खिळे उपसले.
मागचा पुठ्ठा हातात पीठ होऊन आला.
वाळवी.

भिंगाखाली गाव उजळत गेलं:
पावसाच्या चांदीच्या रेघा, आता काळवंडलेल्या,
वर कोपऱ्यात इंद्राचा हत्ती, डोळा मोहरीएवढा,
आईच्या पोटाखाली शिरलेलं वासरू,
त्याच्या कानातली लवसुद्धा
कुणीतरी खारीच्या शेपटीच्या एका केसाने काढलेली,
श्वास धरून,
छातीच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत.

जांभळा डोंगर. झाडं. झाडांवर मोर.
सगळं एका हातावर.
हात आहे मनगटापर्यंत, थोडा तळवा,
पुढे भोक.
नेमकी करंगळी खाल्ली होती.

मी म्हटलं, रंगवून देते, जवाएवढी तर जागा,
नीळ आहे माझ्याकडे.

ती भिंगावर वाकली.
तिचा नवरा खाणीवर मशीन चालवायचा.
खाण बंद पडली तेव्हा बंगला रिकामा करताना मॅनेजरने
तीन महिन्यांच्या पगाराच्या जागी हे हातावर ठेवलं,
म्हणाला, जुनं आहे, देवाचं आहे.

तिच्या घरामागेही डोंगर होता.
तोही उचलला गेला,
टिप्परांतून, बार्जांतून, मांडवीवरून बंदरापर्यंत.
त्याच्याखाली आसऱ्याला कुणी उभं नव्हतं.
आता तिथे हिरवं पाणी.
गुरं त्या बाजूला जात नाहीत.

पगाराचं तिने सांगितलं, डोंगराचं नाही.
इथे सांगावं लागत नाही,
अजून काच पुसली की फडकं तांबडं निघतं.

"हे कोण?"
गवळी. काठ्या टेकवून उभे आहेत,
त्यांना वाटतं, आपणच धरलाय.
कीर्तनात इथे सगळे हसतात.
एकाची पगडी सुटलेली, एकाची काठी वाकलेली,
आणि एक म्हातारी, काठी मिळाली नाही म्हणून
ताकाची रवी लावून उभी.

द्रौपदी तिच्याकडेच बघत राहिली.
"बोट नाका," म्हणाली.
"दोंगर पडूंक ना मगे?"

मिंगेलने काच कापली.
भोकामागे मी कोरा कागद लावला.

साखळीची बस भरलेली होती.
चित्र काखेत,
दुसरा हात वर दांड्याला,
ती उभ्यानेच गेली.